उद्धवरावांच्या पायांचे ठसे

मी उद्धवरावांची योगा मॅट बोलतेय. रंगाने निळी, अंगाने रबराची, एका कडेला जरा उसवल्यासारखी. अमरावतीला साईनगरातल्या एका बैठ्या घरात, सोफा आणि टीव्ही यांच्या मधल्या जागेत माझा मुक्काम असतो.

राजापेठेतल्या दुकानातून आम्ही दोघी बहिणी एकदमच इथे आलो. उद्धवराव भातकुलीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली, तेव्हा त्यांनी आसनांचं मनावर घेतलं. निळी त्यांना, जांभळी त्यांच्या बायकोला, ताराबाईंना. "मन लागो न लागो, सकाळी उभं तं राहूनच घ्यायचं," हा त्यांचा नियम. घरात पाहुणे झोपले असले की आमची वरात गच्चीवर निघायची.

ताराबाईंचं अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधात असे. शवासन चालू असताना त्या हळूच उठून गॅस बंद करून येत आणि पुन्हा डोळे मिटून पडत. उद्धवराव तोवर घोरत असत. सगळ्यांत कठीण आसन शवासनच, असं नंतर तेच सगळ्यांना सांगत.

मग एका सकाळी ते दळण आणायला गिरणीवर गेले आणि तिथल्या बाकावर बसल्या बसल्याच गेले.

घर माणसांनी भरलं. दुखवट्याला आलेला प्रत्येक जण कोपऱ्यात उभ्या केलेल्या आम्हा दोघींकडे बघे आणि म्हणे, "एवढा योगा करे माणूस, काय कामाचं?" ताराबाई मान हलवत. त्या रडल्या नाहीत. जेवायला वाढलं की जेवत, झोप म्हटलं की आडव्या होत.

तेरवीला शय्यादान होतं. गादी, उशी, चादर, छत्री, चपला, सगळं गुरुजींना द्यायचं. बांधाबांध उद्धवरावांचे चुलतभाऊ महादेवराव यांच्याकडे होती. त्यांनी कोपऱ्यातली एक गुंडाळी उचलली. "हेबी अंथरूणच हाये त्याचं," म्हणत गादीत खुपसली. ती होती जांभळी, ताराबाईंची. दान गुरुजींच्या गाडीवर बसून चांदूर बाजारला गेलं. जायचं होतं मला, गेली बहीण. चूक कळली तेव्हा ताराबाई एवढंच म्हणाल्या, "जाऊ द्या. दिलेलं मागत नसतेत."

मला त्यांनी कपाटामागे ठेवलं. आसनं बंद पडली. दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

पुढे ताराबाईंचा उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, रोज हलवा, नाहीतर हात असाच राहील. फळीवरचा डबा त्यांना काढता येईना. वेणी घालायला शेजारच्या कौशल्याबाई येऊ लागल्या. अकोल्याला दिलेली लेक अश्लेषा फोनवर रोज तेच बोले, "आई, हात चालत नाही तं एकटी कशी राहशील? दिवाळीपर्यंत पाहीन, नाही तं इकडेच आणीन तुले. घराले कुलूप."

ताराबाईंना अकोल्याला जायचं नव्हतं. खरं तर त्यांना कशाचीच इच्छा उरली नव्हती, पण या घरातून हलायचं नाही एवढं मात्र पक्कं होतं.

"मंग काहून करत नाही तू योगा?" कौशल्याबाईंनी एकदा कंगवा थांबवून विचारलं.

"माही मॅट गेली ना दानात."

"अन् ते कपाटामागं काय हाये?"

"ते त्याईची हाये. त्याईच्या पायाचे निशान हायेत तिच्यावर. मी उभी राह्यली तं पुसून जातीन."

कौशल्याबाईंनी कंगवा पुन्हा केसांत घातला. वेणी घातली आणि गेल्या.

गोष्ट खरी होती. रोज एकाच जागी उभं राहिलं की रबर दबतं. दोन टाचा, दोन चवडे, आणि डाव्या अंगठ्याचा एक खोल खळगा. घरात उद्धवरावांचे कपडे होते, चष्मा होता, पण त्यांचं वजन फक्त माझ्याजवळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताराबाईंनी मला डाव्या हाताने ओढून काढलं आणि पसरलं. खळग्यांवरून बोटं फिरवली. मग माझ्या बाजूला, नुसत्या फरशीवर उभ्या राहून हात वर करू लागल्या. असं काही दिवस चाललं. एकदा फरशीवरून पाय सटकला आणि त्या भिंतीला धरून वाचल्या. मग माझ्यावर आल्या. त्यांचे पाय लहान, खळग्यांत सैल बसले.

तेव्हापासून त्या रोज येतात. आवडतं म्हणून नाही. चेहऱ्यावर काही नसतं, श्वासही उसना आणल्यासारखा घेतात. एखाद्या दिवशी नुसत्या उभ्या राहून परत जातात. आधी हात कमरेपर्यंत जायचा, मग खांद्यापर्यंत, मग कानाला लागला. जसजसा तो वर जात होता, तसतसं माझ्यावरचं काहीतरी कमी होत होतं. मला कळत होतं आणि वाईट वाटत होतं. त्यांनाही दिसत असणार, कारण पाय ठेवण्याआधी त्या रोज खाली बघत.

दिवाळीत अश्लेषा आली. ताराबाईंनी उजव्या हाताने फळीवरचा चकल्यांचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. अश्लेषानं आईचा हात धरला, पुन्हा वर करून बघितला आणि हसली. अकोल्याचा विषय तिथेच संपला.

सकाळी झाडताना तिनं मला उचललं आणि उजेडात धरलं. "आई, यावर बाबाचे पाय होते ना?"

"होते."

"मंग? दिसत नाहीत."

"गेले. मीच पुसले. रोज थोडे थोडे."

अश्लेषा मला हातात घेऊनच मटकन खाली बसली आणि हुंदके देऊ लागली. ताराबाई तिच्याजवळ उभ्या राहिल्या. त्यांनी तिच्या डोक्यावर उजवा हात ठेवला.

"सरक थोडी," त्या म्हणाल्या. "माह्यं व्हायचं हाये अजून."

तुमच्याही घरात कपाटामागे माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला जपत बसू नका. पसरा. जे पुसलं जायचं ते पुसलं जाईल, त्याला इलाज नाही. आता मात्र मला रजा द्या. अश्लेषा मला पसरून सरकली आहे, आणि ताराबाई पाय ठेवतायत.