शेपटीवरच्या रेघा

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलून गुरुशांत कामावर परतला, तेव्हा त्याची कंबर भरून आली होती. कॉलेजच्या प्राणीगृहात पांढऱ्या उंदरांचे बारा पिंजरे होते. त्यांची देखभाल त्याच्याकडे.

तिथं संशोधन करणाऱ्या राजेश्वरी मॅडमनी या उंदरांच्या मेंदूत एका जंताच्या अळ्या सोडल्या होत्या. असा जंत माणसाच्या मेंदूत शिरला की गाठी धरतात, मेंदूतलं पाणी वाहायची वाट बुजते आणि पाणी आतच साठत जातं. त्यावरचं नवं औषध आधी उंदरावर पाहायचं होतं. प्रत्येक पिंजऱ्यात दोन उंदीर. एकाला दहा दिवस औषध दिलेलं, त्याच्या शेपटीवर मार्करची एक रेघ. दुसऱ्याला नुसतं पाणी, त्याच्या शेपटीवर दोन. शाई आठ दिवसांत उडू लागते, म्हणून गुरुशांतनं दर शनिवारी रेघा पुन्हा ओढायच्या.

यात्रेच्या गडबडीत एक शनिवार राहून गेला होता.

अकरा पिंजऱ्यांत रेघा पुसट का होईना, दिसत होत्या. सातव्यात मात्र दोन्ही शेपट्या कोऱ्या. एक उंदीर कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेला, डोकं फुगलेलं. दुसरा मजेत दाणे खात होता. यात ओळखायचं काय? धडधाकट तो औषधवाला. गुरुशांतनं त्याच्या शेपटीवर एक रेघ ओढली, कोपऱ्यातल्याच्या दोन, आणि मार्करला टोपण लावलं.

संध्याकाळी बायकोनं, मल्लव्वानं, भाकरी वाढली. दोन वर्षांपूर्वी तिच्याही डोक्यात असंच पाणी साठलं होतं. तेव्हापासून ते पाणी उतरवायला कानामागून पोटापर्यंत कातडीखालून नळी होती.

“अवो, त्या औषधाचं काय झालं?”

“गुण येतोय वाटतं.”

“वाटतं म्हंजे? तुमाला वाटतंय का उंदरास्नी?”

ती हसून चुलीकडं वळली. गुरुशांतचा घास हातातच राहिला. औषधाला गुण यावा ही त्याचीच ओढ होती, आणि रेघही त्याच ओढीनं ओढली गेली होती. बरा दिसतो म्हणून औषधवाला ठरवायचा, आणि मग औषधानं बरा झाला म्हणायचं! अशानं साखरपाण्यालाही गुण यायचा.

सकाळी मॅडम आल्या आल्या तो म्हणाला, “मॅडम, सात नंबर धरू नका. शेपट्या कोऱ्या झालत्या. रेघा मी अंदाजानं वडल्यात.”

मॅडमनी वाकून पिंजऱ्यातल्या दोन्ही शेपट्या पाहिल्या. “कुणाला कळलं नसतं, काका.”

“व्हय. मलाबी तेच वाटलं की.”

“आधीच जोड्या कमी आहेत. एक गेली तर कदाचित सगळं पुन्हा करावं लागेल. चार महिने.”

“करू की. पण या खेपेला कानाला खाच पाडू. खाच पुसत न्हाय.”

“काय चुकलं, कधी चुकलं, ते तुमच्या हातानं लिहून द्या. फाइलला लावावं लागेल.”

त्यानं लिहून दिलं. मग स्पिरिटच्या बोळ्यानं सातव्या पिंजऱ्यातल्या रेघा पुसल्या. धडधाकट उंदरानं त्याचं बोट हुंगलं आणि तो पुन्हा दाण्यांकडं वळला.

रात्री जेवताना मल्लव्वानं तेच विचारलं.

“अजून ठावं न्हाय,” गुरुशांत म्हणाला.

तिनं त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं. “मग ठावं झालं की सांगा,” ती म्हणाली आणि ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.