केबल काढल्यावरही मी थांबलो नाही

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. भिंतीवरचा, दिवा लावायचा नव्हे. संगणकांना एकमेकांशी जोडणारा. वहीएवढी हिरवी पाटी, मधोमध काळी चिप आणि कडेला केबल लावायची सोळा तोंडं, असं माझं रूप.

महासंगणक म्हणजे एकच अवाढव्य संगणक, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. हजारो संगणक मिळून एक मोठं गणित सोडवतात. शेजाऱ्याचं उत्तर कळल्याशिवाय कुणालाच पुढे जाता येत नाही. निरोप उशिरा पोचला, की सगळे हातावर हात ठेवून बसतात. ते निरोप क्षणात पोचवणं, हे माझं काम.

माझा जन्म रोह्यापलीकडच्या अष्टमी गावात, रेचलबाईंच्या माडीवर झाला. त्या कोकणातल्या ज्यू. त्यांचे बहुतेक नातलग इस्राएलला गेले. बाई इथेच राहिल्या. ही माडी त्यांनी मनालीला प्रयोगशाळेसाठी दिली होती. मनाली गडब गावची, भातशेतीवाल्यांच्या घरातली इंजिनिअर. पुण्याची एक संस्था नवा महासंगणक उभारत होती. त्यात परदेशी स्विच बसवायचे की मनालीने घडवलेले, ते ठरायचं होतं. माझा आराखडा तिने काढला. डोळ्याला भिंग लावून माझे बारीक सांधे जोडले ते सुशीलने. डोलवीच्या पोलाद कारखान्यातलं ठेक्याचं काम सोडून तो तिच्याकडे आला होता.

पहिल्यांदा मला सुरू केलं, तेव्हा सगळे निरोप जवळच्याच वाटेने धावले आणि तिथेच तुंबले. मनाली डोकं धरून बसली. रेचलबाई चहा घेऊन वर आल्या.

"काय गो, चालत नाय?"

"चालतो, बाई. पण गर्दी झाली की अडतो."

"मग आज पुरे. खाली ये, दोन घास खा."

दुसऱ्या दिवसापासून मनालीने मला गर्दी ओळखायला शिकवलं. एक वाट भरली, की दुसरी धरायची. त्यात कितीतरी महिने गेले.

मग पुण्याची समिती आली. नम्रता मॅडम तिच्या प्रमुख. मुसळधार पावसात कुंडलिकेचं पाणी कुठवर चढेल, याचं गणित आमचे संगणक सोडवत होते. पडद्यावर नदीची निळी रेघ फुगत होती. सगळं सुरळीत चाललेलं. एवढ्यात मॅडमनी माझ्या एका केबलला हात लावला.

"ही आत्ता काढली तर?"

सुशील मनालीच्या कानाशी कुजबुजला, "ताई, नको. हे ठरलेलं नाय. बंद पडला तर सगळं गेलं!"

पूर्ण भार असताना माझी केबल कधीच काढलेली नव्हती. मनालीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "काढा, मॅडम. मोठ्या यंत्रात केबल काय विचारून तुटते?"

केबल निघाली. माझा एक दिवा लाल झाला. निळी रेघ जागच्या जागी थबकली. येणारे निरोप माझ्या दारात साचले. मी भराभर मोकळ्या वाटा शोधल्या, हरवलेले निरोप पुन्हा मागवले, सगळे वळवून पाठवले. आणि रेघ हलली! शेवटी उत्तर आलं, ते आधी सगळ्या केबल असताना काढलेल्या उत्तराशी तंतोतंत जुळलं.

"परदेशी नकोत, हेच बसवू," नम्रता मॅडम हसून म्हणाल्या. सुशीलने भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

पुण्याच्या महासंगणकात आज माझे शेकडो भाऊ बसले आहेत. मी मात्र माडीवरच्या कपाटात गेलो. कोकणातल्या दमट हवेने माझ्या तांब्यावर हिरवं चढलं, एका तोंडात पालीने अंडी घातली. एकदा साफसफाईत मी भंगाराच्या ढिगात पडलो. रेचलबाईंनीच मला उचललं. "याला हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "हा आमच्या घरात जन्मलाय."

मित्रांनो, जुनं यंत्र भंगारात टाकण्याआधी क्षणभर थांबा. कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून पुसा. नव्याला आपली धाव मोजायला जुनं सोबत लागतं.

माझंच बघा. मनालीने आता आणखी वेगवान स्विच घडवलाय. त्याच्याशी तुलना करायला सुशीलने मला ब्रशने घासून पुन्हा जोडलं. आम्हा दोघांना एकच गणित दिलं. मी अजून अर्ध्यातही नव्हतो, तोच नव्याचं काम संपलं.

"ताई, हरवलं याने म्हाताऱ्याला!" सुशील ओरडला.

मी हरलो, मित्रांनो. पण मी थांबलो नाही. माझं गणित पुरं करूनच शांत झालो. आणि मनालीने नव्याआधी माझ्या पाठीवरून हात फिरवला.