राजकन्या परत येण्याचा भाग

खुशबू बापाचं घर सोडून मामाच्या गावाला, बपेऱ्याला, निघून गेली.

असं काहीही झालेलं नाही. तुमसरमध्ये कुणी विचारलं की तिचा बाप भूपेंद्र सांगतो, पोरगी आंघोळीला गेली आहे. शेजारच्या शोभाताईंना तो हे सोमवारपासून सांगतोय. "लय मळली होती वाटते," त्या म्हणाल्या.

राइस मिलच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या भूपेंद्रला ट्रकभर धानाचा अंदाज नुसता बघून यायचा. नववीतल्या पोरीचा येत नव्हता. पालकसभेत सांगितलं, मुलांचे मित्र व्हा. तो झाला. मग मित्राशी वागतात तशीच ती वागू लागली: फोन उचलेना.

तेवढ्यात टीव्हीवर राजघराण्याची एक मालिका सुरू झाली. महालात माणसांची ही गर्दी, पण एक पोर उलटून बोलेल तर शपथ. महाराज आले की लेकी उठून उभ्या. महाराज गेले तरी उभ्याच.

"पाह्य, राजकन्या कशी मान खाली घालून बसली हाय," भूपेंद्र म्हणाला.

"पप्पा, तिच्या डोक्यावर पायलीभर सोनं हाय. मान वर होईनच कशी?"

"आन् मोबाइलले हातबी लावत नाई."

खुशबूनं बापाकडे पाहिलं. "खरंच," ती म्हणाली. "लय संस्कारी हाय."

दुसऱ्या दिवसापासून घरात दरबार सुरू झाला. जेवताना बोलायचं नाही, विचारलं तरच उत्तर द्यायचं, येईल त्या वडीलधाऱ्याच्या पाया पडायचं. खुशबू चेहऱ्यावरची रेष न हलवता सगळं करायची. "जशी आज्ञा, पिताश्री." तिची आई कामिनी भाजी चिरता चिरता हसायची. भूपेंद्रला वाटायचं, पोरगी वळणावर आली.

मग एका रविवारी कामिनीचा भाऊ मनिष बपेऱ्याहून आला. यांच्याकडे भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं, मामाच भाचीच्या पाया पडतो. उलट झालं तर मामाला पाप लागतं. हे भूपेंद्रला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पण मालिकेत मागच्याच आठवड्यात राजकन्या मामासाहेबांच्या पाया पडली होती.

"खुशबू, मामाच्या पाया पड."

"जशी आज्ञा, पिताश्री."

मनिष उडी मारून मागे सरला. "भाऊजी, काहून नरकात धाडून राहिले मले?"

खुशबू पुढे सरकली. मनिष अंगणात पळाला, ती मागोमाग. तुळशीभोवती फेऱ्या सुरू झाल्या. शेवटी तो तिच्या पायाला हात लावायला वाकला, त्याच वेळी ती वाकली, आणि दोघांची डोकी आपटली. शोभाताई भिंतीवरून बघत होत्या. कामिनी हसून हसून खाली बसली. खुशबूही हसली, कित्येक दिवसांनी, खळखळून.

हसला नाही तो फक्त भूपेंद्र. दरबारात असं कुणी हसत नसे. आणि अशा वेळी महाराज राजकन्येला जे म्हणाले होते, ते त्याच्या तोंडून गेलंच.

"आजपासून तू आमची कन्या नाहीस. चालती हो."

महाराज म्हणाले तेव्हा ढोल वाजले होते. इथं कुकरची शिट्टी झाली.

खुशबू या वेळी 'जशी आज्ञा' म्हणाली नाही. "पप्पा, मस्करी करून राहिले ना तुमी?" तिनं विचारलं.

हो म्हणायला काय लागत होतं? पण महाराजांनी पाठ फिरवली होती, म्हणून भूपेंद्रनंही फिरवली. मागे मनिषची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"फोन करा ना तिले," कामिनी रोज म्हणते.

"काय बोलू?"

"आता हेबी मीच सांगू? बाप कोण हाय?"

भूपेंद्र फोन हातात घेतो, खुशबूचं नाव काढतो, आणि टीव्ही लावतो. महाराजांनी हाकललेली राजकन्या अजून वनातच आहे. महाराज तिला परत कसे बोलावतात ते एकदा दिसलं, की वाक्य पाठ करून तो बपेऱ्याला जाणार आहे. काल शोभाताई सांगून गेल्या, राजकन्येचं काम करणारी पोरगी दुसऱ्या मालिकेत सून झाली, आता काही ती येत नाही.

भूपेंद्रनं लगेच चॅनेलच्या तक्रार क्रमांकावर मजकूर धाडला, सरकारी अर्जात लिहितात तसा:

"महोदय, विनंती करण्यात येते की, राजकन्येस परत आणण्याचा भाग याच आठवड्यात दाखवण्यात यावा. महाराज आधी काय म्हणाले, हात जोडले किंवा कसे, आणि कन्या काय म्हणाली, हे स्पष्ट ऐकू यावे. मध्ये जाहिरात नसावी. अर्जदाराची कन्या सध्या बपेरा येथे आहे. तरी महोदयांनी महाराजांस तसे आदेश द्यावेत, ही नम्र विनंती."