सोफ्यावर कोण बसलंय?

“बाई, टीव्हीच बघायचा तर शाळेत कशाला यायचं? घरी सोफ्यावर लोळून बघतोच की आम्ही!”

प्रश्न विचारला भोंग्यानं, पण तो खरं तर तिच्या दोन मैत्रिणींचा, चिमणी आणि उंटिणीचा होता. मधल्या सुट्टीत दोघींनी भोंग्याला चढवलं होतं. “विचारून दाखव, मग मानू तुला!” मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीलासुद्धा ओठातल्या ओठात ‘आले’ म्हणायची. मग एका स्पर्धेत तिला चुकून स्टेजवर ढकललं गेलं, आणि तिथे तिचा जो आवाज फुटला तो आजतागायत बंद झाला नव्हता. तेव्हापासून ती भोंगा. नाव मुलग्याचं वाटतं, पण तिला ते मेडलसारखं मिरवायला आवडायचं.

वर्ग खिदळला. भाषेच्या बाईंनी रिमोट खाली ठेवला आणि भोंग्याकडे अशा कौतुकानं बघितलं की तिचीच पंचाईत झाली. भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाला कोणी बसायला खुर्ची द्यावी, तसं झालं.

“छान प्रश्न आहे,” बाई म्हणाल्या. “घरी तू काय बघतेस?”

“गोष्ट.”

“आणि इथे आपण गोष्ट कशी बनते ते बघायचं. चला, आवाज बंद.”

त्यांनी खरंच आवाज बंद केला. पडद्यावर दोन भावांच्या बेकरीची ती मालिका, जी अख्ख्या वर्गाच्या आया संध्याकाळी बघायच्या. थोरला भाऊ तावातावानं हात हलवतोय, धाकटा पाठ फिरवून उभा. आवाज नाही म्हटल्यावर दोघंही पाण्याबाहेर काढलेल्या माशांसारखे दिसत होते. पोरं हसून हसून बाकांवर पडली. हसू ओसरल्यावर चिमणी म्हणाली, “बाई, ती वहिनी एकच टेबल किती वेळ पुसतेय! स्वच्छ आहे ते.”

“का पुसतेय?”

“तिला काहीतरी बोलायचंय. पण बोलत नाहीये.”

“झालं,” बाई म्हणाल्या, “चिमणीनं आजचा धडा शिकवला.” आणि फळ्यावर लिहिलं: कोणाला काय हवंय? आडवं काय येतंय? गप्प कोण आहे? “कुठलीही गोष्ट घ्या, आधी हे तीन प्रश्न विचारा. मालिकेला विचारा, कथेला विचारा. आठवडाभरात प्रत्येकानं एक प्रसंग लिहून आणायचा. घरातला चालेल, माणसं बदलून.”

भोंग्याच्या डोक्यात प्रसंग तयारच होता.

तिची आई लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. नुकत्याच जन्मलेल्या, तळहाताएवढ्या बाळांना सांभाळायची. तिला दूरच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी बोलावणं आलं होतं. साऱ्या वॉर्डातून एकटीला. आणि तेव्हापासून घरात विचित्र थंडी पसरली होती. बाबा फ्रीज दुरुस्त करायचे, आणि भोंग्याच्या मते त्यांचा स्वभावही फ्रीजसारखाच होता, आतून गार, मागून गरम. आई विषय काढायची तेव्हा ते स्क्रूड्रायव्हर पुसत एवढंच म्हणायचे, “जा ना. अडवलंय कोणी?”

हे काय बोलणं झालं? भोंग्यानं घरीसुद्धा तीन प्रश्न लावले. बाबांना काय हवंय? आई जायला हवीये. का? ते लवकरच कळेल. खलनायक सापडला की अर्धी गोष्ट हातात आली, असं तिला वाटत होतं. तिनं झोकात लिहिलं. फ्रीजवाल्याचा घड्याळजी केला, नर्सची शिंपीण केली, आणि शेवटच्या ओळीत घड्याळजीला थंडगार हसायला लावलं.

बाबांना मात्र त्या आठवड्यात हसायलाही वेळ नव्हता. पण लेखिकेला एवढं स्वातंत्र्य असतंच.

वर्गात तिनं प्रसंग वाचला तो सगळे आवाज काढून. घड्याळजीच्या “जा ना, अडवलंय कोणी?”ला उंटिणीनं चक्क ‘अगं बाई!’ म्हणून छातीवर हात ठेवला. टाळ्या पडल्या. भोंगा बसायला लागली, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “थांब. खोलीत माणसं किती?”

“दोन. घड्याळजी नि शिंपीण.”

“शिंपीण बोलता बोलता थांबते आणि सोफ्याकडे बघते, असं लिहिलंयस तू. घड्याळजीसुद्धा बोलायच्या आधी एकदा तिकडेच बघतो. सोफ्यावर काय आहे?”

“उशी!” मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसत सुटला.

बाईसुद्धा हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “उशीकडे बघून कोणी बोलायचं थांबत नाही. सोफ्यावर कोण बसलंय?”

भोंग्यानं तोंड उघडलं आणि भोंगा वाजलाच नाही. ते दोघं सोफ्याकडे बघतात, हे तिनं पाहिलं होतं म्हणूनच लिहिलं होतं. पण पाहिलं होतं ते सोफ्यावर बसूनच. ती प्रेक्षक होती ना! प्रेक्षकाला गोष्टीत कशाला मोजायचं?

“घरी जाऊन परत बघ,” बाई म्हणाल्या. “आवाज बंद करून. आधी स्वतःचा.”

चिमणी आणि उंटीण घरापर्यंत तिच्या दोन बाजूंनी चालल्या. “बाईंनी पार बॅटरीच काढून घेतली की गं तुझी,” उंटीण म्हणाली. भोंग्यानं उत्तर दिलं नाही, तेव्हा दोघी घाबरल्याच. चिमणीनं तर कपाळाला हात लावून ताप बघितला.

भोंग्याला वाटेत आठवत होतं ते एकच वाक्य. आईनं ती बातमी आणली ती संध्याकाळ. आई दारातच चपला काढायची विसरली होती, गाल लाल झाले होते, “अहो, माझं नाव आलं!” असं ओरडतच ती आत आली होती. बाबांनी हातातला पाना खाली टाकला होता. हो, टाकला होता, आणि हसले होते, थंडगार नाही, चांगले दात दिसेपर्यंत. आणि सोफ्यावर लोळत, तोंडात बिस्किट कोंबत भोंगा म्हणाली होती, “वर्षभर? जा बाई जा! परत आलीस ना, तर मी ओळखणारच नाही तुला!”

आई हसली होती. मग वाकून तिनं चपला काढल्या होत्या, खूप वेळ.

हे वाक्य भोंग्याच्या प्रसंगात नव्हतं. ती गंमत होती, गंमत कोण लिहून ठेवतं? पण दुसऱ्या सकाळपासूनच आई म्हणायला लागली होती, “बघू, पुढच्या वर्षी जाईन. पोरीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे.” आणि बाबांचं ते “जा ना” त्यानंतरचं होतं.

संध्याकाळी ती सोफ्यावर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदाच ठरवून गप्प राहिली. कठीण होतं. दोनदा जीभ चावावी लागली.

“आज भोंग्याची वायर तुटली का?” बाबा म्हणाले. “आणू का टेस्टर?”

तिनं मान हलवली. बाबा टेबलावर एक मोटर उघडून बसले होते, पण त्यांचा स्क्रूड्रायव्हर एकाच स्क्रूवर फिरत होता. तो केव्हाच निघाला होता. आई इस्त्री करत होती. एकच पांढरा कोट. एक बाही, दुसरी बाही, पुन्हा पहिली. चिमणी असती तर तिनं लगेच सांगितलं असतं.

“उद्या मोठ्या सिस्टरांना सांगून टाकते,” आई म्हणाली, “नाही म्हणून.” आणि सोफ्याकडे बघितलं.

बाबांनी सोफ्याकडे बघितलं. मग मोटरकडे. “जा ना,” ते म्हणाले. “अडवलंय कोणी?”

भोंग्याला यावेळी ते वेगळंच ऐकू आलं. तेच शब्द, तोच गार आवाज, पण ही विनवणी होती. विनवणी करता येत नसलेल्या माणसाची. पोरीसमोर आईला जोरात ‘जा’ म्हणावं तर पोरीला काय वाटेल, म्हणून जेवढं जमेल तेवढंच म्हणणारा माणूस. आणि तिनं त्याला खलनायक करून वर्गात टाळ्या घेतल्या होत्या!

कोणाला काय हवंय? आईला जायचंय. बाबांनाही तिनं जायला हवंय. आडवं काय येतंय? सोफा.

आणि सोफ्यावरच्या मुलीला काय हवंय, हा प्रश्न राहिलाच की. भोंग्यानं तोही स्वतःला विचारला, कारण विचारायचं तर तिघांबद्दल विचारायचं, आवडतं तेवढंच नाही. तिला आई घरात हवी होती. सकाळी वेणी घालताना केस ओढणारी, रात्रपाळीहून आली की औषधाचा वास येणारी. ते हवंच होतं. उगाच मोठेपणाचा आव आणून ते पुसता येत नव्हतं, कितीही टेबल पुसलं तरी.

ती सोफ्यावरून उठली. इस्त्रीचं बटण बंद केलं, कारण कोटाची बाही आता जळायच्या बेतात होती, आणि दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

“अगं, काय झालं?” आई म्हणाली.

“मला एक घोषणा करायचीये.”

“वायर जुळली,” बाबा पुटपुटले.

“बाबा, मधे बोलायचं नाही. आई, तू उद्या काय सांगायचं ते तूच ठरव, त्यात मी नाही पडत. पण माझ्यासाठी म्हणून नाही म्हणू नकोस. मी माझं ठरवलंय. मी इथे बाबांजवळ राहणार, वर्षभर. वेणी जमली तर घालेन, नाहीतर केस कापेन. मला हे आवडणार नाहीये, आत्ताच सांगून ठेवते. रोज आवडणार नाहीये, आणि फोनवर मी ते रोज सांगणार. पण मी त्या दिवशी जे बोलले ना, ते खोटं होतं. तू परत येशील तेव्हा मी तुला जिन्यातल्या पावलांवरूनच ओळखेन.”