चुन्याविना मडकी

ताडाच्या फुलोऱ्याचा दांडा रोज सकाळ-संध्याकाळ पातळ कापावा लागतो. एक वेळ चुकली तरी जखम सुकू लागते आणि रस बंद होतो. उतरवलेला रसही थांबत नाही. लगेच चुलीवरच्या काहिलीत ओतून गूळ होईपर्यंत ढवळायचा, नाहीतर आंबतो. म्हणून नवरा झाडांना बांधलेला आणि ती चुलीला.

यंदा झाडांचा रस आटतच नव्हता.

"नशीब काढलंस," शेजारीण म्हणाली.

"घेऊन जा ना नशीब. काहील मी आणून देते उचलून."

शेजारीण हसली. ती स्वतः हसली नाही.

सासरी लेकीचे दिवस भरले होते, पहिलंच बाळंतपण. "आई कधी येणार?" हा निरोप तिच्या गावाहून येणारा टेम्पोवाला रोज आणायचा आणि रोज तसाच परत जायचा.

"अहो, मी जाऊन येऊ का?" तिनं मान वर करून विचारलं.

"जा की," ताडाच्या शेंड्यातून नवऱ्याचा आवाज आला. "पण काहील कोण बघणार?"

"तुम्ही."

"मला कुठं कळतं कधी उतरवायची ते? तू तापानं पडली होतीस तेव्हा मी कोळसा केला होता."

"मग लेकीला कळवा, जरा थांब म्हणावं."

वरून कोयता चालल्याचा आवाज तेवढा आला.

झाडावर रस आंबू नये म्हणून दांड्याखाली बांधायच्या मडक्यांना आतून चुना लावतात. ते काम तिचं. त्या संध्याकाळी तिनं मडकी कोरडीच वर पाठवली.

सकाळी मडकी खाली आली तेव्हा त्यांच्या तोंडाशी फेस होता. नवऱ्यानं बोट बुडवून चाखलं.

"चुना विसरलीस."

हो म्हटलं असतं तर भागलं असतं.

"विसरले नाही," ती म्हणाली. "काहील रिकामी राहिली तर मी मोकळी होईन, एवढंच सुचलं. पण संध्याकाळी पुन्हा रस उतरणारच, हे नाही सुचलं."

"सांगायचं होतंस मला."

"रोज सांगतेय. तुम्ही वर असता."

तो उंबऱ्यावर बसला. मग नेहमीसारखी कोयत्याला धार लावली, आणि कोयता छपरात खोचून ठेवला. संध्याकाळी तो झाडांवर चढला, सगळी मडकी सोडून खाली आणली आणि भिंतीशी पालथी घातली. कोयता छपरातच होता.

"काप दिला नाहीत?"

"नाही."

"आता सुकेल ते. वर्षभर खायचं काय?"

"तुझी बोलणी आहेतच. बॅग भर."

दुसऱ्या दिवशी ती टेम्पोत बसली. झाडं मागे पडली तरी तिनं वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं टेम्पोवाल्यानं विचारलं, "मावशी, हात दुखतोय का?"

तिनं खाली पाहिलं. उजवी मूठ काहील ढवळल्यासारखी मांडीवर गोल गोल फिरत होती. तिनं ती डाव्या हातानं दाबून धरली. जरा सैल सोडली, तर पुन्हा फिरू लागली.