छबूबाईचा दुसरा अंगठा

छबूबाईच्या पाया पडायला रांग लागली होती. गळ्यात झेंडूचा हार. कालच ती ऊसतोडीहून सेलूजवळच्या आमच्या गावात परतली आणि आज देवी झाली.

"बाई कोल्हापूरकडं ऊस तोडायली, अन् अंगठा हितं रेशनच्या मशीनवर!" देवळातले महाराज गरजले. "दर महिन्याला! हाय का विज्ञानात हिंमत?"

"महाराज, माजं धान्य कुठं हाय?" देवीनं विचारलं.

"देवीला भूक नसती, बाई."

घरात पीठ नव्हतं. सकाळी दुकानात मशीन बोललं होतं:

या महिन्याचं धान्य उचललेलं आहे. धन्यवाद.

दुकान महाराजांच्या मेव्हण्याचं. हे सगळ्या गावाला माहीत. तरी जय म्हणायला सगळं गाव.

"छबूमावशी, जाताना अंगठा कुणाला दिलता?" शाळेच्या निकिता मॅडमनी विचारलं.

"दिला न्हाई, ठिवला. कोयत्यानं रेघा झिजत्यात, मग मशीन वळखत न्हाई. म्हनून महाराजानं आमा समद्या तोडणीवाल्यांचे अंगठे कोमट मेणात घेतले. देवीपाशी राखतो म्हनले."

मॅडमनी सगळ्यांसमोर मेणबत्ती वितळवली. मेणात स्वतःचा अंगठा दाबला. ठशात डिंक ओतला, वाळवला, पापुद्रा सोलला. तो छबूबाईच्या अंगठ्यावर चिकटवून शाळेच्या हजेरीच्या मशीनवर टेकवला.

निकिता मॅडम, हजर.

मागून आवाज: "आता माडमला बी सिद्धी आली की!"

हशा. त्या हशातच महाराजांची मोटारसायकल जिंतूरकडे निघाली. तिकडंही तोडणीवाले आहेत. मेणही आहे.

तहसील.

"अंगठा कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माजाच, साहेब."

"मग धान्य तुम्हीच उचललं. मशीनची नोंद म्हणजे पुरावा."

"अंगठ्याची नक्कल होते, सर. करून दाखवते," मॅडम म्हणाल्या.

"दाखवाल हो. पण नोंद खोटी ठरवायला मशीनवाल्या कंपनीचा दाखला लागतो. कंपनी कुठं आहे, आम्हालाही माहीत नाही. ऑनलाइन तक्रार करा."

तक्रार करायची तर आधी ओळख पटवायची. बाहेरच्या ऑनलाइन सेवा केंद्रात छबूबाईनं अंगठा ठेवला. खरा. कातडीचा.

अंगठा जुळला नाही.

पदराला पुसून पुन्हा ठेवला.

अंगठा जुळला नाही.

"माडम, डिंकाची छबूबाई चालती. मी न्हाई?"

तर लोकहो, चमत्कार एवढाच: मेण, डिंक आणि मेव्हणा. अंगठ्याचा ठसा कुणाकडे ठेवायला देऊ नका. महाराज बोलला म्हणून मान डोलवू नका, मशीन बोललं म्हणूनही नको. माणूस समोर उभा असेल तर आधी माणसाला विचारा.

छबूबाई समोरच उभी आहे. अंगठा पुसते आहे.