विहिरीएवढं छिद्र

“एवढ्या पावसात तिथल्या बाया लाकडं कुठं वाळवत असतील?” हिरव्या रंगात भिजवलेला भुसा अंगणातल्या चादरीवर पसरत खतीजाबींनी विचारले.

जमीलभाईंनी पुठ्ठा कापणारी सुरी थांबवली. “चुलीच्या वर माळा असतो, त्याच्यावर.”

“तुमी गेलते का बघायला?”

“न्हाई. नकाशावरून सांगतो.”

“नकाशात माळा दिसतो व्हय!”

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे नकाशे काढलेले जमीलभाई माजलगावच्या आपल्या घरात सह्याद्रीतल्या एका राष्ट्रीय उद्यानाचा उठावाचा नकाशा तयार करत होते. वीस मीटर उंचीला पुठ्ठ्याचा एक थर. पश्चिमेच्या कड्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस, म्हणून तिथे गडद, सदाहरित रान. माथ्यावर जांभ्या दगडाचे उघडे, पठारासारखे सडे. पूर्वेकडे पाऊस घटत जातो, तसा हिरवा रंग पिवळसर होत जाई. नकाशाजवळ पाण्याचा तांब्या आणायला सक्त मनाई होती.

बाहेर एप्रिलचे ऊन तापत असे. पण दुपारी डोळा लागला की जमीलभाईंच्या उशाशी एखादा ओढा वाजू लागे, दऱ्यांतून धुके वर येई. जाग आल्यावर ते सदऱ्याची बाही ओली आहे का, हे चाचपून पाहत.

खतीजाबी वाकून पाहू लागल्या. एका दरीत नखाएवढी सपाट जागा कोरी होती.

“इथं कावून भुसा लावला न्हाई?”

“गाव होतं तिथं. जुन्या नकाशात आमराई हाय, विहीर हाय. उद्यान झालं तवा उठवलं.”

खतीजाबी पुन्हा चादरीवरचा भुसा पसरू लागल्या.

माजलगाव धरणाची बुडीत रेषा जमीलभाईंनीच शाईने ओढली होती. लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. रेषेच्या आत खतीजाबींचे माहेर होते. नोटिसा निघेपर्यंत बावीस दिवस ते घरात त्याविषयी काही बोलले नव्हते. पुढे पन्नास वर्षे दोघांपैकी कोणीच तो विषय काढला नाही.

संध्याकाळी उद्यानाच्या माहिती केंद्रातला प्रवीण नकाशा न्यायला टेम्पो घेऊन आला.

“चाचा, लई भारी झालंय. पण दरीत हे टक्कल कावून?”

“गावठाण हाय.”

“आता जंगलच हाय तिथं. मी स्वतः बघितलंय. आजचं हाय तेच दाखवायचंय आपल्याला.”

प्रवीणचे म्हणणे बरोबर होते. डिंकाचा कुंचला हातात धरून जमीलभाईंनी पत्नीकडे पाहिले.

“लावा,” खतीजाबी म्हणाल्या. “जंगल हाय तर जंगल लावा. पण विहीर कुठं जाती? आमची तर उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून दिसती.”

“तुला कसं माहीत?”

“भावाकडं जाते म्हणून सांगते, तवा तिथंच जाते. दरसाल.”

“कधी बोलली न्हाईस.”

“तुमी तरी कुठं बोललते?”

जमीलभाईंनी कोऱ्या जागेवर गडद भुसा बसवला. मग जुना नकाशा दोनदा ताडून पाहिला आणि कंपासच्या टोकाने एक बारीक छिद्र पाडले.

“हे कुणाला दिसणार, चाचा?” प्रवीणने विचारले आणि तो टेम्पोचा मागचा फाळका उघडायला गेला.

खतीजाबी आतून तांब्या घेऊन आल्या. त्यांनी बोट बुडवून छिद्रावर धरले. थेंब काठावर क्षणभर थांबला आणि आत उतरला.

पुठ्ठा फुगेल, असे जमीलभाई म्हणाले नाहीत.